पाच पाच हजारांची गोष्ट

आमच्या शिवडीच्या गृहनिर्माण संस्थेची जुनी इतिवृत्ते मी निवृत्तीनंतर संगणकावर टंकून घेतली. वाचताना जागोजागी ‘संस्थेच्या संस्थेच्या’ असे दुहेरी पडलेले शब्द आढळले. हाताने वेचणे जिवावर आले, म्हणून ‘सेड’ ही आज्ञा वापरली. बेल प्रयोगशाळेत ली मॅकमहॉन यांनी १९७४ च्या सुमारास रचलेली ही आज्ञा कंसातील शब्द लक्षात ठेवते आणि तोच लगेच पुन्हा आला, तर सांगितल्याप्रमाणे एकच राखते. सगळ्या फाइली क्षणात निर्मळ झाल्या!

दुसऱ्या दिवशी मात्र चरकलो. ‘सभासदांनी पाच पाच हजार भरले’ याचे ‘पाच हजार भरले’ झाले होते. ‘कधी कधी पाणी येते’ हे विधान ‘कधी पाणी येते’ असा प्रश्न बनले होते. मराठीत द्विरुक्ती अर्थ घडवते, हे यंत्राला कोण सांगणार? त्यात ‘आय’ हा पर्याय लावल्याने बदल मूळ फाइलींवरच झाले. आयुष्यभर इतरांच्या खोडाखोडीवर सही मागणाऱ्या माझ्याकडून हे घडावे!

मूळ वह्या कपाटात होत्या, म्हणून निभावले. आता आधी ‘ग्रेप’ने दुहेरी शब्दांच्या ओळी क्रमांकासह काढतो, एकेक तपासतो, आणि ‘आय’ला ‘बॅक’ जोडून जुनी प्रत राखतो. पाच पाच हजारांची ओळ वहीवरून पुन्हा टंकली आहे.