तपासणीचेही दुष्परिणाम असतात

मध्यंतरी ओपीडीत साठी ओलांडलेल्या एक मावशी आल्या. रक्तदाब १९०/११०. तीन महिने गोळी घेतलेली नव्हती. सरकारी दवाखान्यात गोळ्या मोफत मिळतात, मग बंद का केल्या? ‘डाक्टरसाहेब, मना अंगठा उठत नही,’ त्या म्हणाल्या. आधार अद्ययावत होईना, म्हणून निराधार योजनेचे अनुदान थांबले. अनुदान थांबल्याने दवाखान्यात यायला गाडीभाडे उरले नाही. आयुष्यभर निंदणी आणि कापूस वेचणी केलेल्या हातांच्या रेषा झिजतात, वयाबरोबर त्वचाही पातळ होते. यात लबाडी कुठेच नाही.

सरकारी योजनांत लबाडी होत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. ‘लाडकी बहीण’ योजनेत सुमारे २ लाख अर्ज तपासल्यावर २,२८९ सरकारी कर्मचारी लाभार्थी निघाल्या. पुरुषांच्या नावावरही पैसे गेल्याचे उघड झाले. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने २६.३४ लाख खात्यांचा लाभ स्थगित केल्याचे सांगितले. त्यानंतर सर्वांनाच ई-केवायसी सक्तीचे झाले आणि त्यात पती किंवा वडिलांचे आधार मागितले गेले. ज्या बाईला दोघेही नाहीत, तिने काय करायचे? हा प्रश्न उठल्यावर वेगळी सोय करून मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवावी लागली.

वैद्यकशास्त्रात कोणतीही चाचणी वापरण्यापूर्वी आम्ही दोन गोष्टी विचारतो: ती किती रोगी पकडते आणि किती निरोगी माणसांना रोगी ठरवते? पडताळणी हीसुद्धा एक चाचणीच आहे. समजा, १,००० लाभार्थींत ५० बोगस आहेत. पडताळणीने त्यातले ४५ पकडले. पण उरलेल्या ९५० खऱ्यांपैकी फक्त ५ टक्के जरी ठसा, ओटीपी किंवा नावातल्या चुकीमुळे अडकले, तरी ते सुमारे ४७ होतात. म्हणजे लाभ बंद झालेल्या ९२ जणांत निम्म्याहून अधिक खरे गरजू! सरकारी कागदावर मात्र सगळ्यांचीच नोंद ‘बचत’ अशी होते.

या पडताळणीचा खर्चही गरिबाच्याच माथी येतो. बुडालेली मजुरी, तालुक्याला जाण्याचे भाडे, केंद्रावर मोजलेले पैसे यांतले काहीही सरकारी हिशेबात दिसत नाही. महिन्याला १,५०० रुपये मिळणाऱ्या बाईला असे दोन-तीन हेलपाटे पडले की निम्मी रक्कम संपली.

मग चोर सोडून द्यायचे का? मुळीच नाही. जळगावच्या घरकुल प्रकरणाची आठवण खानदेशाला आहे. गरिबांसाठीच्या घरांच्या या योजनेतील गैरव्यवहाराचा गुन्हा २००६ मध्ये नोंदला गेला आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले. पुढे त्याविरुद्ध अपिले झाली. तरी आरोप कोट्यवधींचा आणि आरोपी सत्तेच्या जागेवरचे असतील, तेव्हा तेरा वर्षांचा तपास आणि खटलाही परवडतो. दीड हजारांसाठी लाखो बायकांना रांगेत उभे करणे हा वेगळा हिशेब आहे.

शहाणपणाचा मार्ग आम्ही रोज वापरतो: आधी स्वस्त आणि निरुपद्रवी चाचणी, संशय आला तरच पुढची. पगारपत्रक आणि प्राप्तिकराच्या नोंदी संगणकावर जुळवून पाहिल्या तर मोठी लबाडी सापडते आणि कुणाला रांगेत उभे राहावे लागत नाही. जिथे संशय उरेल, तिथे माणूस घरी पाठवावा. लेखी कारण देऊन म्हणणे ऐकून घेईपर्यंत लाभ चालू ठेवावा. ठसा उमटला नाही म्हणून कुणाचाही लाभ थांबवू नये. आणि किती नावे वगळली, या आकड्याशेजारी त्यांतली किती चुकीने वगळली होती, हा आकडाही दर तिमाहीला जिल्हावार जाहीर करावा.

निरोगी माणसाचे ऑपरेशन केले तर डॉक्टरला जाब विचारला जातो. खऱ्या गरजूचे अनुदान कापणाऱ्यालाही तो विचारला गेला पाहिजे.