जोडधंद्याचे गाजर आणि डुकराचा हिशेब



कापसाचा भाव पडला, ज्वारी कणसातच काळी पडली, की शहरातून गावात एक ठरलेला सल्ला येतो. "नुसत्या शेतीवर भागायचे नाही, जोडधंदा करा." सल्ला देणारा बदलतो, जनावर बदलते, सल्ला तोच राहतो. एका वर्षी ससे पाळा म्हणाले. मग इमू पाळा म्हणाले. इमूचे तेल, इमूचे मांस, इमूची पिसे, सगळे घ्यायला गिऱ्हाईक दारात उभे राहणार होते. २०१२ साली तामिळनाडूत पेरुंदुराईचा इमूचा मोठा कारभार बसला, आणि आपल्याकडच्या इमूंनाही कोणी विचारीना. २०१९ साली कडकनाथ कोंबडीच्या नावाखाली पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांची पुंजी बुडाली. आता पाळी डुकराची आहे. वराहपालन करा, कमी जागेत जास्त मांस, देशाला शाश्वत प्रथिने हवी आहेत, असे मेळाव्या-मेळाव्यांत ऐकू येते.

आमचे डुकराशी काही भांडण नाही. हिशेबाने पाहिले तर हे फार चांगले जनावर आहे. डुकरीण ११४ दिवसांत विते, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. एका वेताला आठ-दहा पिल्ले, वर्षाला दोन वेत. डुक्कर पाळण्यात कमीपणा आहे असे नाक मुरडून सांगणाऱ्यांचेही आम्ही ऐकणार नाही. वडार, कैकाडी समाजाच्या घरांनी हे जनावर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, कुणाच्या अनुदानाची वाट न पाहता. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ९० लाख डुकरे होती, त्यांतली २१ लाखांच्या आसपास एकट्या आसामात. ज्याला खायचे त्याने खावे, ज्याला नको त्याने खाऊ नये. तो ज्याच्या त्याच्या ताटाचा प्रश्न. आम्ही तोट्याचा प्रश्न विचारतो आहोत. धंदा बसला तर तोटा कोणाच्या अंगावर पडणार?

ढेप घरात, डुक्कर उपाशी

पहिला हिशेब खुराकाचा. कापूसवाल्याकडे सरकीची ढेप असते. गाय-म्हशीला ती चालते, त्यांच्या पोटात तिचे विष मरते. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराला ते बरेचसे पचते, डुकराला आणि कोंबडीला पचत नाही. नेहमीची ढेप भरपूर घातली तर डुक्कर दमाळते आणि मरते. कडबा ते खात नाही, पऱ्हाटीचा पाला खाऊन वाढत नाही. म्हणजे आपल्या रानात जे फुकट पडलेले आहे, त्यातले जवळजवळ काहीच त्याच्या उपयोगाचे नाही.

ज्वारी मात्र चालते. दळून दिली तर तिची ताकद मक्याच्या जवळपास असते. पण नुसत्या ज्वारीवर डुक्कर वाढत नाही, सोयाबीनची पेंड जोडीला लागते. एक किलो वजन वाढवायला सुमारे तीन किलो खुराक जातो. ९० किलोचे जनावर करायचे तर २७० किलो खुराक. समजा तो किलोला ३० रुपये पडला, तर ८,१०० रुपये झाले. म्हणजे जिवंत वजनाला किलोमागे ९० रुपये मिळाले, तर नुसता खुराक निघाला. पिल्लाची किंमत, डुकरिणीचा सांभाळ, औषध, वीज, शेडचे व्याज आणि घरच्या माणसांची मजुरी अजून बाकीच आहे. घरच्या माणसांची मजुरी धरायची नाही, ही तर सल्लागारांची जुनी खोड.

शहराजवळ खानावळीचे खरकटे घालून काही जणांचे भागते, हे खरे. पण आपल्या गावात खरकटे उरते कुठे? शिवाय न उकळलेल्या खरकट्यातून रोग येतो, त्याचे पुढे सांगतो.

दुसरा हिशेब पाण्याचा. दूध पाजणाऱ्या डुकरिणीला दिवसाला वीस लिटरच्या आसपास पाणी लागते. डुकराला आपल्यासारखा घाम येत नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात त्याच्या अंगावर पाणी मारत राहावे लागते, नाहीतर ते गळाठते. ज्या गावाला एप्रिलपासून टँकर लागतो, जिथे बाया रात्री दोन वाजता नंबर लावतात, तिथे हा सल्ला देणाऱ्याने आधी स्वतःची घागर आणावी.

तिसरा हिशेब भांडवलाचा. २०२१-२२ पासून राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या सुधारित योजनेत १०० माद्या आणि १० नरांच्या गटाला निम्मे अनुदान ठेवले, कमाल मर्यादा ३० लाख रुपये. म्हणजे उरलेले निम्मे आपण घालायचे, नाहीतर बँकेकडून आणायचे. पाच एकर कोरडवाहूचा सातबारा, त्यावर पीककर्जाचा बोजा, मागच्या वर्षीचे थकलेले. त्याला ३० लाख कोणती बँक देते ते आम्हाला दाखवा. योजना कोरडवाहू शेतकऱ्याच्या नावाने निघते आणि ज्याच्याकडे आधीच पैसा आहे त्याच्या घरी पोचते.

जिथे डुक्करच राजा होता

कोणी म्हणेल, हे सगळे गरिबीचे रडगाणे झाले. पाणी, मका, बँक, रस्ते सगळे असले की धंदा चालतोच. मग जिथे हे सगळे होते तिथे काय झाले ते पाहू.

अमेरिकेत आयोवा हे डुकरांचे राज्य. तिथे डुकराला कर्ज फेडणारे जनावर म्हणत. मका घरचा, जमीन काळीभोर, रस्ते पक्के. १९९८ साली तिथे डुकरे विक्रमी झाली. त्याच सुमारास काही कत्तलखाने बंद पडले होते, आणि आशिया-रशियातल्या पैशाच्या संकटाने बाहेरची मागणी ढिली झाली. जनावरे जास्त, कापणारे कमी. डिसेंबर १९९८ मध्ये जिवंत डुकराचा भाव पौंडाला दहा सेंटच्याही खाली गेला. उत्पादनखर्च होता त्याच्या तिप्पट-चौपट. अडीचशे पौंडांचे तयार जनावर पंचवीस डॉलरलाही जाईना. पण शहरातल्या दुकानात मांसाचा भाव फारसा हलला नाही. मधला पैसा कुठे गेला, हे तुरीच्या आणि कांद्याच्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको.

जानेवारी १९९९ मध्ये तिथल्या सरकारने छोट्या डुक्कर उत्पादकांसाठी ५ कोटी डॉलरची मदत जाहीर केली. जखम झाल्यावर मलम. १९८० साली अमेरिकेत डुकरे पाळणारी साडेसहा लाखांवर शेते होती. २०२२ च्या शेतीगणनेत ती ६१ हजारांच्या आसपास उरली. डुकरे कमी झाली नाहीत, शेतकरी कमी झाले. जे उरले त्यांतले बरेच कराराने बांधलेले आहेत. पिल्ले कंपनीची, खुराक कंपनीचा, औषध कंपनीचे. शेड शेतकऱ्याचे, शेडचे कर्ज शेतकऱ्याचे, आणि शेणखळ्याची घाणही त्याचीच. आपल्याकडच्या करारावरच्या कोंबडीवाल्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल.

हे आम्ही अमेरिकेला नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. पिकवणाऱ्याच्या हाती भाव नसेल तर कोणतेही जनावर त्याला तारत नाही, मग त्याच्याकडे पाचशे एकर मका असो नाहीतर पाच एकर पऱ्हाटी, एवढेच दाखवायचे आहे.

आता रोगाचे. आफ्रिकन स्वाइन फिव्हर २०२० साली आसाम-अरुणाचलात शिरला, पुढे मिझोराममध्ये हजारो डुकरे गेली. माणसाला हा रोग होत नाही, पण डुकरांचा गोठा आठवड्यात रिकामा करतो. तिथे डुक्कर म्हणजे पोरांची फी, लग्नाचा खर्च, दवाखान्याची सोय. साथ आटोक्यात आणायला सरकार जी डुकरे मारते त्यांच्या भरपाईची तरतूद आहे. रोगाने आपोआप मेलेल्या डुकराचा धनी मात्र हात हलवत बसतो. म्हणजे ज्याच्या घरी रोग आधी आला, त्याचे सगळे गेले आणि पदरात काही नाही.

प्रथिने आम्ही देतच होतो

देशाला प्रथिने हवीत म्हणे. भावांनो, कोरडवाहू शेतकरी दुसरे काय पिकवत होता? पऱ्हाटीच्या ओळींत तूर, ज्वारीच्या ओळींत तूर आणि मूग. तुरीत शेकडा बावीसच्या आसपास प्रथिने. ज्वारीत दहाच्या आसपास, पण तिच्यात लायसिन कमी. ते तुरीत भरपूर. म्हणून भाकरीबरोबर वरण ही आपल्या आज्यांची अक्कल होती. तूर जमिनीला नत्र देते, तिची मुळी खोल जाते, पावसाचा खंड सोसते, तिचे कुटार शेळी खाते, तुऱ्हाट्या चुलीला आणि कुडाला होतात. याहून शाश्वत प्रथिन कोणत्या प्रयोगशाळेतून येणार आहे?

त्या तुरीचे काय केले ते आठवा. २०१५ साली तूरडाळ शहरात दोनशे रुपये किलोवर गेली तेव्हा हाकाटी झाली. साठ्यावर मर्यादा आल्या, बाहेरून डाळ आणली. जुलै २०१६ मध्ये मोझांबिकशी पाच वर्षांचा करार झाला. आपल्याला सांगितले, तूर पेरा. आपण पेरली. २०१५-१६ साली २५ लाख टनांच्या आसपास असलेले देशातले तुरीचे पीक २०१६-१७ साली ४८ लाख टनांवर गेले. हमीभाव बोनससह क्विंटलला ५,०५० रुपये होता, बाजारात तूर चार हजारांच्या आतबाहेर गेली. खरेदी केंद्रावर बारदाना नाही, रांगा मैल-मैल. २२ एप्रिल २०१७ ला खरेदी थांबली तेव्हा गाड्या केंद्राबाहेर उभ्याच होत्या. आणि परदेशी विकावी म्हटले तर २००६ पासून निर्यातीला बंदी. ती उठली सप्टेंबर २०१७ मध्ये, तूर घरातून गेल्यावर. मे २०२१ मध्ये पुन्हा तुरीची आयात खुली केली.

जनावराचेही तेच. कोरडवाहू शेतकऱ्याची बँक गोठ्यात असते. दुष्काळात चारा संपला की म्हातारा बैल विकायचा, त्या पैशात घर चालवायचे, पाऊस आला की नवा घ्यायचा. २०१५ च्या कायद्याने महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आली, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. त्याच वर्षी मराठवाड्यात भीषण दुष्काळ होता. बाजारातले गिऱ्हाईक हटले, भाकड जनावराची किंमत गेली, आणि त्याला पोसायचा खर्च मात्र मालकाच्या गळ्यात राहिला. बैलाबद्दल माया आम्हाला शिकवू नका, पोळा आम्ही करतो. पण मायेचा खर्च एकट्या शेतकऱ्याने का सोसायचा?

तूर पेरली तर आयात, बैल विकायचा तर कायदा, आणि वर सल्ला असा, की कर्ज काढून डुकरे पाळा. हा जोडधंदा नव्हे. मुख्य धंद्याला भाव द्यायचा नाही म्हणून काढलेली ही पळवाट आहे.

आमचे मागणे

एक. हमीभावाच्या खाली पडेल अशी डाळीची आयात नको. निर्यातबंदी आणि साठ्याची मर्यादा हंगामाच्या मध्यात लादायची नाही.

दोन. पशुपालनाचे अनुदान मोठ्या कळपापासून सुरू न होता दोन डुकरिणी, पाच शेळ्या, पन्नास गावठी कोंबड्यांपासून सुरू व्हावे. खेड्यातली बाई जेवढे सांभाळू शकते तेवढ्याला आधी पैसा.

तीन. साथीच्या रोगात मेलेल्या जनावरालाही भरपाई, मारलेल्या जनावराइतकीच.

चार. करारावर कोंबडी, डुक्कर काहीही पाळायचे तर करार मराठीत, भाव लिहून, आणि माल न उचलल्यास शेडचे हप्ते कंपनीने भरायचे.

पाच. मालकाला आपले जनावर विकण्याची मोकळीक हवी. सरकारला ती द्यायची नसेल तर भाकड जनावर सरकारने रोख पैसे मोजून विकत घ्यावे आणि स्वतः पोसावे.

हे पदरात पडेपर्यंत आपणही डोळे उघडे ठेवू. कोणी जनावराचे नाव घेऊन दारात आला तर त्याला चारच प्रश्न विचारा. खुराक माझ्या रानातला चालेल का? उन्हाळ्यात पाणी कुठून आणू? घेणारा एकच आहे की चार? आणि मेले तर कोण भरणार? या चारांची उत्तरे कागदावर सहीने दिली तर जरूर पाळा, आम्हीही मदतीला येऊ. नुसते गाजर दाखवले तर चहा पाजून वाटेला लावा.

जिल्हा मेळाव्याला येताना प्रत्येकाने गेल्या तीन वर्षांच्या तुरीचा आणि जनावरांचा जमाखर्च लिहून आणावा. घरच्या बाईची मजुरी त्यात धरायची, विसरू नका. त्या कागदांची चळत घेऊन आपण कलेक्टर कचेरीत जाऊ. भाषणे त्यांनी पुष्कळ ऐकली आहेत, आता आकडे वाचू द्या.