लेहचा थुक्पा आणि आपल्या चकोल्या

आमचे हे 22 वर्षं फौजेत होते आणि मी धुळे जिल्ह्यात, गावी. पत्रात एक ओळ ठरलेली असायची, 'जेवण चांगलं आहे, काळजी नको.' माझा काही विश्वास बसायचा नाही.

आता आम्ही लिंबायतला मुलाकडे असतो. मागच्या थंडीत ह्यांनी स्वयंपाकघराचा ताबाच घेतला. कणकेच्या लांब पट्ट्या कापल्या आणि आलं, लसूण, गाजर, कोबीच्या पाण्यात उकळल्या. "हा लेहचा थुक्पा," म्हणाले. मी म्हटलं, "अहो, ह्या तर आपल्या चकोल्या, नुसत्या डाळीविना!"

मग हे पहिल्यांदाच मोकळे बोलले. लेह साडेतीन हजार मीटर उंचावर. तिथे पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून कुकरशिवाय डाळ लवकर शिजत नाही. बर्फाने रस्ता बंद झाला की गावातली एक आजी ह्यांना घरात बोलवायची. खंबीर नावाची जाड रोटी द्यायची, लोणी-मीठ घातलेला गुरगुर चहा द्यायची. त्या चहात भाजलेल्या सातूचं पीठ कालवायचं. "चव आईच्या सातूचीच, फक्त गुळाऐवजी मीठ," हे म्हणाले.

इकडे मी काळजी करत होते, तिकडे ती माऊली वाढत होती. तिचे उपकार फेडायला मी लेहला कधी जाणार?

आमच्या शेजारच्या खोलीत लूमवर कामाला आलेली चार परप्रांतीय मुलं राहतात. आता रविवारी कळण्याच्या भाकरी आणि भरीत मी जरा जास्तच करते.