चित्रपट व आपण

चित्रपट हा सैतानाचा सांपळा आहे, असें आपल्यांतील कांहीं वडील मंडळी म्हणतात. परंतु मुंबईस ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहूनच दादासाहेब फाळके यांस चित्रपट काढण्याची प्रेरणा झाली, व १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला, हें विसरून कसें चालेल? ज्या पडद्यावर प्रभूचें चरित्र उमटलें, तो मुळांतच अपवित्र आहे, असें आम्हांस म्हणवत नाहीं. प्रभूनेंहि लोकांस गोष्टीच सांगितल्या. मात्र चांगल्या शोमरोन्याची गोष्ट संपतांच श्रोत्यानें तसेंच वागावें, अशी आज्ञा त्यानें केली. हीच कसोटी आम्ही चित्रपटास लावितों. पडद्यावरील दुःखितासाठीं अश्रु ढाळून, चित्रगृहाच्या दाराशीं हात पसरणाऱ्या मुलाकडे न पाहतां आपण घरीं गेलों, तर आपण खेळ पाहिला असें कसें म्हणावें?