लिव्हरवर बसलेला हात
सोलापूर जिल्ह्यात मशीनला काम कमी नाही: पुणे-हैदराबाद महामार्ग चौपदरी झाला, जलयुक्त शिवारात ओढे-नाले खोल झाले, सुरत-चेन्नई महामार्गाची आखणी बार्शी-अक्कलकोट भागातून आहे. पण जेसीबी-पोकलेन चालवणारा पोरगा आजही बहुधा हेल्पर म्हणूनच सुरुवात करतो. सकाळी पिनांना ग्रीस मारायचं, हायड्रॉलिक ऑइल बघायचं, बकेटचे झिजलेले दात बदलायचे आणि ऑपरेटर जेवायला उतरला की त्याच्या परवानगीनं थोडा वेळ लिव्हरला हात लावायचा. ही शाळा मी कमी लेखत नाही. काळ्या मातीखाली मुरूम लागला की इंजिनाचा आवाज कसा बदलतो, हे तिथंच कळतं. मात्र शिकवणाऱ्यालाच जे कुणी सांगितलं नाही, ते पुढच्यालाही मिळत नाही. खोदण्याआधी केबल आणि जलवाहिनीची चौकशी करावी, वरच्या विजेच्या तारांपासून बूम लांब ठेवावा, बकेट जमिनीला टेकवूनच इंजिन बंद करावं, एवढ्या साध्या गोष्टींवर जीव अवलंबून असतो. म्हणून माढ्या-मंगळवेढ्याच्या पोरांनी हात बसला तरी थांबू नये. इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलचं ऑपरेटरचं प्रमाणपत्र मिळवावं, आरटीओचा योग्य परवाना काढावा. आणि साइटवर जाण्याआधी मालकाकडून पगार, ओव्हरटाइम, मुक्कामाची सोय आणि अपघात विमा लेखी घ्यावा. तोंडी भत्त्यावर बेचाळीस अंशांच्या उन्हात कुणी राबू नये.