हुरड्यासाठी चार तासे

परभणी जिल्ह्यातील हिवाळ्याचा आनंद पिकापासून वेगळा काढता येत नाही, आणि ते पीक म्हणजे रब्बी ज्वारी. गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीत पावसाची ओल टिकून राहते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली ज्वारी बहुधा त्याच ओलीवर वाढते आणि डिसेंबर-जानेवारीत तिची कणसे भरू लागतात. दाण्यातला पांढरा चीक घट्ट होत आलेला असतो, पण दाणा अजून मऊ व हिरवट असतो, अशा अवस्थेतील दाण्याला हुरडा म्हणतात. त्यातील साखरेचे पिठूळ द्रव्यात पूर्ण रूपांतर झालेले नसल्याने तो गोड लागतो, मात्र हे रूपांतर झपाट्याने होत असल्यामुळे एका पेऱ्याचा हुरडा जेमतेम आठवडाभर मिळतो. आगटीत, म्हणजे उथळ खड्ड्यात पेटवलेल्या गोवऱ्यांच्या विस्तवात, कणसे भाजून ती गरम असतानाच चोळावी लागतात. निवलेल्या कणसाचा हुरडा हा हुरडाच नव्हे.

याच दिवसांत शेजारच्या हरभऱ्याचे शेंडे भाजीसाठी खुडले जातात, आणि खुडल्याने झाडाला फुटवे अधिक येत असल्यामुळे शेतमालकही त्याला हरकत घेत नाही. हरभऱ्याच्या पानांवर सुटणारे आम्ल, ज्याला आंब म्हणतात, रात्री पिकावर फडके पसरून पहाटेच्या दवासह पिळून घेण्याची जुनी रीत होती. घरामागे न्हाणीच्या सांडपाण्यावर वालाचा वेल, मेथी, लसूण आणि वांगी वाढतात, आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगीची मिसळभाजी ही त्या परसबागेची परीक्षाच असते.

जायकवाडीच्या डाव्या कालव्याने ऊस आणला, खरिपात सोयाबीन पसरले आणि ज्वारी विरळ झाली. पाणी आणि रोकड यांना दोष देण्यात अर्थ नाही. खरी अडचण पाखरांची आहे, कारण शिवारात ज्वारीचा एकच तुकडा उरला की सगळे थवे त्याच्यावरच उतरतात आणि एकट्याने पेरणारा दुसऱ्या वर्षी पेरत नाही. शहरातील मंडळी हुरडा पार्टीसाठी पैसे मोजतात, याला नाक मुरडण्याचेही कारण नाही; कणसे काढल्यावर ताटांचा हिरवा चाराही हाती राहतो.

परभणीत 1972 साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी वसंत’ हे खास हुरड्याचे वाण दिले आहे, आणि गूळभेंडी तर जुनीच आहे. तेव्हा येत्या रब्बीत लागून शेते असलेल्या दोन-तीन शेतकऱ्यांनी ठरवून, बांधाच्या दोन्ही अंगांना, दहा-दहा दिवसांच्या अंतराने हुरड्याची चार-चार तासे, म्हणजे ओळी, पेराव्यात आणि राखण वाटून घ्यावी.