बंद गाडीही भाजते

दुचाकीची चावी फिरवली की आवाज थांबतो आणि आपल्याला वाटतं, गाडी निवली. तशी ती निवत नाही. चालत्या गाडीला वारा थंड ठेवतो. इंजिनावरच्या त्या ओळीने बसवलेल्या पट्ट्या वाऱ्यासाठीच असतात. गाडी थांबली की वारा थांबतो. आतली उष्णता मग हळूहळू बाहेरच्या धातूत उतरते, आणि पहिली काही मिनिटं इंजिनाचे काही भाग चालताना होते त्याहूनही जास्त तापतात.

लहान मुलांना नेमका याच वेळात चटका बसतो. आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींचा सायलेन्सर उजवीकडे असतो. त्यामुळे मुलाला डावीकडूनच चढवा आणि डावीकडूनच उतरवा. ही एक सवय घरात सगळ्यांनी लावून घ्या, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. सत्तरेक अंशांना तापलेल्या धातूला उघडी पोटरी सेकंदभर टेकली तरी भाजते, आणि इंजिनातून निघणारी वाकडी नळी तर त्याच्या कितीतरी पट तापलेली असते. गाडी उभी केल्यावर टिकटिक आवाज येतो तो आकसणाऱ्या धातूचा. तो थांबला म्हणजे हात लावायला हरकत नाही, असं मात्र समजू नका.

मग किती वेळ थांबायचं? पुढे काय करायचं आहे, त्यावर ते ठरतं. शंभर-दीडशे सीसीची हवेवर थंड होणारी गाडी सावलीत उभी असेल, तर सायलेन्सरजवळ जायला साधारण अर्धा तास धरा. इंजिनाला हात लावायला तासभर. सुरुवातीला उष्णता झपाट्याने उतरते, मग उतरण्याचा वेग मंदावतो, त्यामुळे पूर्ण निवायला काही तास लागतात. जळगाव-नागपूरच्या मे महिन्यात, किंवा दोघं बसून सामानासकट घाट चढून आल्यावर, हा हिशेब आणखी वाढवा.

टॅपेटची फट मोजायची असेल तर गाडी रात्रभर उभी राहू द्या. तापलेला धातू फुगलेला असतो, फट चुकीची दिसते. प्लगही गरम इंजिनातून ओढून काढू नका. हेड ॲल्युमिनियमचं असतं, त्याचे आटे उखडले तर खर्च मोठा. ऑइल बदलताना उलट इंजिन कोमट हवं, म्हणजे ऑइल पातळ होऊन गाळासकट खाली येतं. पण कोमट म्हणजे कोमटच. लांबून आल्या आल्या बोल्ट उघडला तर उकळतं ऑइल हातावर येईल. रेडिएटरच्या गाडीचं झाकण तर गरम असताना कधीच उघडू नका. आत दाब असतो, वाफ थेट तोंडावर येते. रेडिएटरच्या काही गाड्यांचा पंखा चावी काढल्यावरही फिरतो, तिथे बोटं नेऊ नका.

वॉशिंग सेंटरवर घाईत गरम गाडीवर थंड पाण्याचा फवारा मारून घेऊ नका. अर्धा-पाऊण तास थांबा. डिस्कला आणि इंजिनाला असा एकदम गारवा सोसत नाही. गाडी झाकायचं कव्हरही लगेच घालू नका. सायलेन्सरला चिकटून ते वितळतं, पेटूही शकतं. सुकं गवत, पालापाचोळा किंवा कडब्याजवळ तापलेली गाडी लावणं तितकंच धोक्याचं.

एवढं करूनही कुणाला चटका बसलाच, तर त्या जागेवर वीस मिनिटं नळाचं साधं पाणी वाहू द्या. टूथपेस्ट नको, हळद नको, बर्फही नको. आलेला फोड फोडू नका. चटका मोठा असेल किंवा मूल लहान असेल, तर पाण्याची वीस मिनिटं झाली की दवाखाना गाठा.